हॅव

दोंडाईच्यात, मिरचीच्या गोदामावरची खोली.
खाली पोतं हललं की वर वर्ग शिंकतो.
बुधवारी फळ्यावर चार अक्षरं लिहिली
आणि वळून म्हटलं, सोपं आहे,
हॅव म्हणजे असणं.

'असणं म्हणजे इज,' भटू म्हणाला,
'मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलं, बाई.'
भटू दिवसा टेम्पो चालवतो,
चुकीच्या वळणावर कुणालाच सोडत नाही.

मग म्हटलं, जवळ असणं. बाळगणं.
माझ्याकडे सायकल आहे: आय हॅव अ सायकल.
पण भावाला कसं म्हणणार माझ्याकडे आहे?
भाऊ गहाण ठेवल्यासारखा वाटेल.
म्हणून मला भाऊ आहे.
आणि ताप? तो मला आहे म्हणा, किंवा आलाय म्हणा,
पाहुणा जसा न कळवता येतो.
आपल्या बोलीत वस्तू उभी राहते मधोमध
आणि माणूस तिच्या कडेला,
'ला' नाहीतर 'कडे' शेपटासारखं लावून.
इंग्रजीत आधी मी. मूठ वळलेली.
सायकल, भाऊ, ताप, सगळं त्याच एका मुठीत.

लोटन म्हणाला, 'आमना घर तर नुसतं शे.
मनापान पैसा शे, माले भाऊ शे, माले ताप शे.
एक शे मा सगळं भागस.'
वर्ग हसला. मीही.
माझ्या माहेरी शे म्हटलं की
आत्या पाठीत धपाटा घालायची, आहे म्हण.
आता दर महिन्याला पगार घेऊन
मी तिसराच शब्द शिकवते.

चहा आला. 'हॅव टी,' मी म्हटलं.
'चहा बाळगा?' प्रमिला गिरासे.
बाळगू नका, प्या, गार होतोय.
इथे हॅव म्हणजे पिणं, तिथे जेवणं, तिथे अंघोळ करणं,
आणि पुढे टू लावला की लागणं:
मला जावं लागतं, आय हॅव टू गो.
(तहान लागते, भूक लागते, ठेच लागते,
आपल्याकडे जाणंसुद्धा लागतं.)
प्रमिलाने वहीत नवा रकाना आखला,
मग पुसला, मग पुन्हा आखला.

हिरकणबाई शेवटच्या सतरंजीवर.
दिवसभर खाली मिरचीचे देठ खुडते,
संध्याकाळी वीस पायऱ्या चढून येते.
नातू सुरतेला शाळेत आहे, फोनवर इंग्रजी फाडतो,
त्याला एकदा उत्तर द्यायचंय, एवढंच.
तिने हात वर केला. कधी करत नाही.
'बाई, नवरा शे का, कोणी इचारं तर?'

खोली गप्प. अकरा वर्षांपूर्वी तो
संध्याकाळच्या गाडीने उधन्याला गेला, कापडाच्या कामाला.
पत्र नाही, प्रेत नाही.
आहे म्हटलं तर घरात नाही.
होता म्हटलं तर कुंकू पुसावं लागतं.
फॉर्म भरताना ती ती ओळ कोरीच सोडते,
कारकून दरवेळी खेकसतो.

मी फळ्याकडे बघत बसले.
हॅव. हॅड. दोन्ही मुठीच.
तिसरं काही सापडेना, म्हणून लिहिलं
आय हॅव बीन वेटिंग
आणि शब्द शब्द सोडवून सांगितलं:
वाट बघत आलेय, अजून बघतेय, संपलेलं नाही.

'मी वाट दखी ऱ्हायनी,' ती म्हणाली.
'मंग ह्यामा हॅव काबं?
मनापान काय शे?'

वाट, म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.
व्याकरणात ते बसतं की नाही, मला खात्री नाही,
आणि मी इंग्रजी एम. ए. नाही, बी. ए. आहे, तेही बाहेरून.
'तो नियम आहे,' म्हटलं. 'पाठ करा.'

तिने खाली मान घालून ओळ उतरवली,
व्ही उलटा काढला, तंबूसारखा,
वही माझ्याकडे दिली आणि पायऱ्या उतरली.

तिची वही तपासली की बोटं आधी गोडेतेलाने पुसायची,
मग साबण, आणि तरी रात्रभर
डोळ्याला हात लावायचा नाही.
वर्षभर शिकवतेय. एवढं मला येतं.
काल विसरले.